आडनावाच्या रकान्यात तीन टिंबं

माझं काम नेमकं काय, हे घरात कुणाला धड सांगता येत नाही. अम्मी शेजारणींना सांगते, "कंप्युटरवर बसतो." हुद्दा प्रॉडक्ट मॅनेजरचा. पुण्यातल्या एका कंपनीच्या ॲपवरून लोक डॉक्टरची वेळ घेतात. त्या ॲपमध्ये काय असावं, काय नसावं, हे मी ठरवतो. आणि ठरवायचं ते आकड्यांवरून, मनाला वाटलं म्हणून नाही, हा आमच्या धंद्याचा दंडक.

त्यासाठी अवजारं भरपूर आहेत. गूगलने 2005 साली ॲनालिटिक्स फुकट देऊ केलं, मग मिक्सपॅनेल, ॲम्प्लिट्यूड आली. माणसाने बटण दाबलं, फॉर्म उघडला, पैसे भरले, अशा प्रत्येक कृतीची नोंद होते. तिला इव्हेंट म्हणतात. या नोंदी ओळीने लावल्या की फनेल तयार होतं, म्हणजे नरसाळं. वरून किती आले, खाली किती पोचले, मधे कुठे गळले, ते दिसतं. आणखी एक अवजार ए/बी टेस्टचं. अर्ध्या लोकांना जुना फॉर्म दाखवायचा, अर्ध्यांना नवा, आणि जो जास्त चालेल तो ठेवायचा. ओबामांच्या 2008 च्या निवडणुकीच्या प्रचाराच्या वेबसाइटवर असंच केलं होतं. प्रचारातल्या लोकांना व्हिडिओ आवडला होता, पण जिंकलं कुटुंबाचं छायाचित्र. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक नव्या माणसाला सांगितली जाते. मीही सांगतो. तुमची आवड खिशात ठेवा, आकडा बोलेल.

दीड वर्षापूर्वी दवाखान्यांकडून तक्रार आली की एकाच नावाचे पेशंट फार, फाइली अदलाबदल होतात. मी जिरावर लिहून टाकलं, 'आडनाव आवश्यक, किमान तीन अक्षरं.' इंग्रजी अक्षरं, अर्थात. ए/बी टेस्ट झाली. नव्या फॉर्मवर थोडे लोक जास्त गळत होते, पण फरक इतका लहान की तो योगायोग असू शकतो, असं अवजाराने सांगितलं. मी नवा फॉर्म सगळ्यांना लागू केला आणि विसरलो.

ईदला खालाकडे परभणीला गेलो. शीरखुर्म्याची वाटी हातात देता देता ती म्हणाली, "तुझ्या त्या ॲपने मला शेख केलं बघ." मला आधी गंमत वाटली. खालाचं आधारवरचं नाव दोनच शब्दांचं. तिचं नाव आणि पुढे 'बी'. बी हे आडनाव नाहीच, बाईच्या नावापुढचा मान आहे. इंग्रजीत दोन अक्षरं. फॉर्म घेईना. तिच्या मुलाने चार वेळा प्रयत्न केला आणि शेवटी बापाचं 'शेख' टाकलं. हृदयाच्या तपासणीची वेळ मिळाली. पण दवाखान्यात योजनेचं कार्ड दाखवलं तेव्हा खिडकीवरच्या माणसाने फाइल परत केली. कार्डावरची बाई वेगळी, फाइलीतली वेगळी. त्या दिवशी ती तपासणीविना घरी परतली आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली.

ती हे हसत सांगत होती. नियम कुणी लिहिला, हे तिला माहीत नव्हतं.

सुट्टी संपल्यावर मी मिक्सपॅनेल उघडलं आणि गळती जिल्ह्यावार पाडली. सरासरीत जे दिसत नव्हतं ते लगेच दिसलं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या आकड्याखाली मराठवाडा झाकला गेला होता. पण कारण त्यातही नव्हतं. मिक्सपॅनेलला तेवढंच कळतं जेवढं आपण पाठवतो, आणि 'आडनाव नाकारलं' असा इव्हेंट पाठवायचं मला सुचलंच नव्हतं. माझ्या स्वतःच्या आईच्या नावापुढे बी असताना.

मग स्क्रीनच्या रेकॉर्डिंग बघितल्या. त्यात टाइप केलेली अक्षरं गोपनीयतेसाठी झाकलेली असतात, फक्त फुल्या दिसतात. दोन फुल्या. लाल ओळ. पुसलं. पुन्हा दोन फुल्या. थोडा वेळ काहीच नाही. ॲप बंद. अशा कितीतरी. जे पार झाले होते त्यांची नावं डेटाबेसमध्ये होती, म्हणून एसक्यूएलमध्ये आडनावाचा रकाना काढला. कुणी पहिलंच नाव पुन्हा लिहिलं होतं, कुणी 'एक्सवायझेड'. आणि पानोपानी तीन टिंबं. म्हणजे ज्या फाइली वेगळ्या करायला नियम आणला, त्या सगळ्यांचं आडनाव आता टिंब-टिंब-टिंब झालं होतं.

हे काही नवं ज्ञान नव्हे. पॅट्रिक मॅकेन्झी या प्रोग्रामरने 2010 सालीच माणसांच्या नावांबद्दल प्रोग्रामर काय काय चुकीचं गृहीत धरतात याची लांबलचक यादी लिहिली होती. माणसाला आडनाव असतंच, हेही त्यात आहे. मी ती वाचलेली होती. 2022 च्या नोव्हेंबरात अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारला, तेव्हा आमच्या नात्यात केवढी धावपळ झाली होती, तीही मी पाहिली होती.

मीटिंगच्या आदल्या रात्री मात्र मला वेगळीच काळजी होती. खालाची गोष्ट सांगितली तर हा 'तुमच्या लोकांचा' प्रश्न ठरेल आणि मी घरचं गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस. म्हणून रकान्यातली पहिली नावं चाळत बसलो. दक्षिणेतली, वडिलांच्या नावाचं एकच आद्याक्षर लावणारी माणसं सापडली. 'देवी' आणि 'कुमारी' यांवर निभावणाऱ्या उत्तरेकडच्या बाया सापडल्या. एकाच नावाचे कितीतरी. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी तक्ते दाखवले. खालाचं नाव काढलं नाही. दहा मिनिटांत ठराव झाला. आडनाव ऐच्छिक, आधारसारखा पूर्ण नावाचा एकच रकाना, आणि फाइल ओळखायला जन्मतारीख व मोबाइल. बॉस म्हणाला, "याला म्हणतात डेटा."

खालाला फोन करून सांगितलं की आता फॉर्म नाव जसं आहे तसं घेतो. ती म्हणाली, "अच्छा झालं." मग विचारलं, दवाखान्यातल्या जुन्या फाइलीवरचं शेख कसं काढायचं? ते आमच्या ॲपच्या हातात नाही. दवाखान्याला अर्ज द्यावा लागतो, सोबत आधारची झेरॉक्स. अर्ज मी लिहून पाठवला आहे.