दोराचे दुसरे टोक

मार्गशीर्ष लागला, की सह्याद्रीचे रूप पालटते. पावसाळ्यात कड्यांवरून कोसळणारे धबधबे आटलेले असतात. कातळावरचे शेवाळ वाळून गेलेले असते आणि उतारांवरचे हिरवे गवत सोनेरी होऊन वाऱ्यावर लवत असते. भाताची कापणी आटोपून खाचरे मोकळी झालेली असतात. उन्हाळ्यात हात पोळणारा आणि पावसाळ्यात पाय न ठरू देणारा कातळ या दिवसांत कोरडा व गार असतो. म्हणूनच प्रस्तरारोहणाचा, म्हणजे उभे कडे हातापायांच्या बळावर चढून जाण्याचा, हाच खरा ऋतू होय. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मुंबई-पुण्याकडची कितीतरी मंडळी शुक्रवारी रात्री पाठीवर पिशव्या टाकून घराबाहेर पडतात आणि शनिवार-रविवार डोंगरात काढतात.

सह्याद्रीचा कातळ मुळात तापलेल्या लाव्ह्याचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा उसळला आणि थरावर थर साचत गेले. कठीण थरांचे उभे कडे झाले; मऊ थर झिजून त्यांचे उतार बनले. म्हणूनच दुरून पाहावे तर हे डोंगर पायऱ्या रचल्यासारखे दिसतात. भूशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे.

या कड्यांशी माणसाचे नाते जुने आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांच्या मावळ्यांनी रात्रीच्या काळोखात दोर लावून कोंढाण्याचा कडा सर केला. तानाजींचे नाव घरोघरी पोहोचले. त्या रात्री दोर धरून चढणाऱ्या आणि चढवणाऱ्या बहुतेकांची नावे मात्र इतिहासाला ठाऊक नाहीत. वर जाणारा माणूस सर्वांना दिसतो. दोराचे दुसरे टोक कोणाच्या हातात होते, हे सहसा कोणी विचारत नाही.

असेच एक टोक पुण्याच्या एका जीपचालकाच्या हाती आले. त्याची शाळा आठवीत सुटली होती. पुढे गॅरेज, मग ट्रकवर क्लीनर आणि अखेर स्वतःची जीप, असा त्याचा प्रवास झाला होता. गिर्यारोहकांची एक तुकडी दर हिवाळ्यात त्याची जीप भाड्याने घेत असे. तुकडीची प्रमुख होती एका महाविद्यालयात शिकवणारी तरुणी. तो तिला ‘ताई’ म्हणे आणि सारी तुकडी त्याला ‘काका’ म्हणे. मंडळी कडा चढायला गेली, की काका जीपच्या सावलीत पथारी टाकून झोपत. वय चाळिशी ओलांडलेले. आपल्याला या उद्योगाशी काय करायचे आहे, असे त्यांना वाटे.

पण झोप लागेना तेव्हा ते पाहू लागले. वर चढणाऱ्याकडे सगळे पाहत. काकांचे लक्ष खाली उभ्या असलेल्या माणसाकडे जाई. चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दोर त्याच्या हातात असे. चढणारा वर सरकला, की तो दोर सोडी. चढणारा थांबला, की तो दोर आवरून घेई. या कामाला ‘बिले’ म्हणतात. दोर कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या एका लहानशा धातूच्या साधनातून जातो. पलीकडच्या दोरावरचा हात खाली खेचून धरला, की त्या साधनात दोर आवळला जातो आणि पडणारा माणूस थांबतो. तो हात दोरावरून कधीही, अगदी क्षणभरही, सुटता कामा नये.

“म्हणजे घाटातला ब्रेकच की हा!” काका एकदा म्हणाले.

“शिकायचं का, काका?” ताईंनी विचारले.

त्या हिवाळ्यात काका शिकू लागले. प्रथम आठाची गाठ. गाडीवर माल बांधण्यात आयुष्य गेलेल्या त्या बोटांना ती लवकर साधली. मग वाळू भरलेले पोते दोराला बांधून कड्यावरून अचानक सोडून द्यायचे आणि खाली उभ्या असलेल्याने ते अधांतरी रोखायचे, असा सराव सुरू झाला. पहिल्याच खेपेला दोराचा हिसका बसताच काकांचा हात दचकून सुटला. पोते धाडकन जमिनीवर आदळले व उसवले. वाळू सगळीकडे पसरली. कोणीतरी हसले, तसे ताईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केले.

“आज ते पोतं होतं, काका,” एवढेच त्या म्हणाल्या.

काका त्या रात्री जेवले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी ते पोते स्वतः शिवून आणले आणि पाठोपाठ वीस वेळा रोखले. त्यानंतर दोन हिवाळे ते सराव करत राहिले.

दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरच्या आठवड्यांत तुकडी तैलबैल्याला गेली. पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याच्या दक्षिणेला घाटमाथ्यावर हा डोंगर आहे. सपाट पठारावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन प्रचंड कातळभिंती आणि त्यांच्यामधली खिंड, असे त्याचे रूप दुरूनही ओळखू येते. पश्चिमेला कोकणाकडे सुधागड दिसतो. भिंतींच्या पायथ्याशी तैलबैला गाव आहे.

मुक्काम गावाबाहेरच्या उघड्या कातळावर केला होता. वाळलेल्या गवतात ठिणगी पडली तर वणवा लागायला वेळ लागत नाही, हे जुनी मंडळी जाणून असतात. गावातल्या एका घरून नाचणीच्या भाकऱ्या, कुळथाचे पिठले आणि लसणाची चटणी आली. जेवण घेऊन आलेला म्हातारा शेतकरी शेकोटीपाशी टेकला. गारठा वाढत होता. मृग नक्षत्र वर चढले होते आणि त्याच्या मागोमाग व्याधाचा तारा लखलखत होता.

“उद्या कुठल्या अंगानं चढणार?” म्हाताऱ्याने विचारले.

ताईंनी हात करून भिंतीची एक बाजू दाखवली.

“तिकडं नका जाऊ, ताई. कपारीखाली आग्या मोहोळ बसलंय. त्या अंगाला आम्ही गुरंबी नेत नाही.”

आग्या माशा मोठ्या असतात. कड्याच्या पुढे आलेल्या दगडाखाली त्यांचे एकच मोठे पोळे उघड्यावर लोंबत असते. त्या चवताळल्या, तर थव्याने तुटून पडतात. जमिनीवरचा माणूस पळू तरी शकतो. दोराला लटकणाऱ्याने कुठे पळावे? ताईंनी वही काढून आखलेल्या मार्गावर काट मारली. ही माहिती तुकडीजवळच्या कोणत्याही नकाशात नव्हती.

सकाळी दुसऱ्या बाजूने चढाई सुरू झाली. ताई पुढे होत्या आणि दोर काकांच्या हाती होता. कातळात पूर्वी ठोकलेल्या मेखा होत्या. ताई प्रत्येक मेखेत धातूची कडी अडकवत आणि तिच्यातून दोर ओवून पुढे सरकत. शेवटची मेख जितकी खाली राहते, त्याच्या दुप्पट अंतर पुढचा आरोही पडतो. मेखेच्या दोन मीटर वर असताना हात सुटला, तर चार मीटर खाली येणे आलेच. शिवाय दोर ताणला जातो, ते वेगळे.

ताई मेखेच्या सुमारे दोन मीटर वर होत्या. त्यांनी धरलेला दगड हातातच निघून आला.

ओरडायलाही वेळ नव्हता. दगड काकांच्या शेजारून खाली गेला आणि लगेच हिसका बसला. काका जागेवरून उचलले गेले, त्यांचा खांदा कातळावर आदळला. पण खालचा हात दोरावर घट्ट होता. दोर तारेसारखा ताठ झाला. मग सगळे शांत झाले. कोठेतरी एक होला घुमत होता, तेवढाच आवाज.

“काका, आहात ना?” वरून आवाज आला.

“आहे, ताई. सावकाश घ्या.”

ताईंचा घोटा कातळावर आपटून दुखावला होता. माथा आता फार दूर नव्हता. त्यांनी वर पाहिले, पाय टेकून पाहिला आणि उतरायचे ठरवले. काकांनी त्यांना वीत वीत दोर सोडत खाली आणले. जमिनीवर आल्यावर ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी काकांचा उजवा हात उलटा करून पाहिला. तळव्यावर दोराचा लाल वळ उमटला होता.

“माथा राहिला तुमचा,” काका ओशाळून म्हणाले.

जेवणाची भांडी न्यायला आलेला म्हातारा हसला. “ऱ्हाऊ द्या की. डोंगर कुठं जातोय?”

संध्याकाळी जीप पुण्याकडे निघाली. ताईंच्या पायाला पट्टी बांधलेली होती. थोड्याच वेळात मागच्या बाकांवर सगळे झोपी गेले. कोणाचे डोके कोणाच्या खांद्यावर, कोणाचे खिडकीला टेकलेले. वळणे घेत काका सांभाळून गाडी चालवत होते. तळवा चुरचुरत होता. इतकी वर्षे या माणसांना त्यांनी असेच नेले-आणले होते. ती निर्धास्त झोपत आणि काकांना ते भाड्याचे एक काम वाटे. आज त्यांनी आरशातून एकदा मागे पाहिले, स्टिअरिंगवरची पकड नीट केली आणि पुढच्या उतारावर गियर उतरवला.