सनस्क्रीनमधले ‘नॅनो’ कण

वांगासाठी दिलेलं सनस्क्रीन एका ताईंनी परस्पर बंद केलं. “डॉक्टर, त्यात नॅनो कण असतात, रक्तात जातात म्हणे.” डाग पुन्हा गडद झाले होते. भीती खोटी नाही, पण अर्धवट आहे.

नॅनो म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर. आपला केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. आता २०० नॅनोमीटरचा एक कण आणि ५० नॅनोमीटरचे ६४ कण यांचं वजन सारखंच भरतं! वजनाने पाहिलं तर निम्मा माल नॅनो, मोजून पाहिलं तर जवळजवळ सगळाच. म्हणून युरोपीय संघाची व्याख्या संख्येवर बेतलेली आहे. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजावे लागतात. प्रकाश टाकून मोजण्याची पद्धत सोपी, पण चिकटलेल्या कणांचा पुंजका तिला एकच मोठा कण वाटतो.

टायटॅनियम डायॉक्साइड हा पांढरा रंग खाण्यातही असतो. २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तो सुरक्षित मानता येत नाही असं सांगितलं, २०२२ मध्ये तिथे खाद्यपदार्थांत बंदी आली. सनस्क्रीनमध्ये मात्र तो चालतो, कारण धड त्वचेतून हे कण आत उतरत असल्याचा पुरावा नाही. फवारा टाळा, तो श्वासात जातो.

गोळ्या-चॉकलेटच्या वेष्टनावर ‘आयएनएस १७१’ दिसलं तर मुलांना ते नको. औषधांच्या पांढऱ्या आवरणातही हा रंग असतो, मीही ती लिहून देतो. म्हणून रक्तदाबाची गोळी मात्र बंद करू नका.