केदारखेड्यातली शारदा

कार्तिकात तुळशीची लग्नं लागली की आमच्या जालना जिल्ह्यात सोयरिकीची बोलणी सुरू होतात. कापसाच्या एक-दोन वेचण्या झालेल्या असतात, घरात थोडा पैसा खेळत असतो, आणि पाहुणे स्थळं घेऊन यायला लागतात. भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याच्या, म्हणजे माझ्या माहेरच्या हौशी मंडळींनी ‘संगीत शारदा’ करायला नेमके हेच दिवस निवडले. मुद्दाम निवडले, असं नाटक बसवणाऱ्या गुरुजींनी मला नंतर सांगितलं. भाच्याचा फोन आला, “आत्या, यायचंच बरं का,” आणि मी संध्याकाळच्या एसटीनं माहेरी पोहोचले.

‘शारदा’ तोवर मला पदांमधून माहीत होती. आमच्या दादांना नाट्यसंगीताचा फार नाद. रेडिओवर पद लागलं की घरात कुणी बोलायचं नाही. पुढे शहरात एक प्रयोगही पाहिला. गळे तयार होते, प्रेक्षक जाणकार होते, वन्समोअर मिळत होते. पण पद संपून टाळ्या ओसरेपर्यंत नाटकातल्या त्या शारदेचं काय होणार आहे, याचा सगळ्यांनाच विसर पडत होता. मी गाणं ऐकून घरी आले होते.

गावात तसं झालं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकमेकींना जोडून, वर फळ्या आणि सतरंजी टाकून रंगमंच केलेला. दिवे, पडदे, खुर्च्या लग्नाच्या मंडपवाल्याकडून आणलेल्या. पुढे बायका आणि पोरं सतरंज्यांवर, मागे पुरुष उभे, काही मोटारसायकलींवर बसलेले. पूर्णा नदीकडून गार वारं येत होतं, आणि म्हाताऱ्या बाया गोधड्या पांघरून बसल्या होत्या. पेटीवर भजनी मंडळातले पेटीवाले आणि साथीला तबल्याऐवजी पखवाज. मला आधी वाटलं, हे कसं जमायचं? पण जमलं, आणि ते का जमलं हेही लगेच कळलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा साकी, दिंडी या चाली लोकांच्या कानांत कीर्तनातून आधीच बसलेल्या होत्या. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल त्याच परंपरेतले. काकड्याला उठून अभंग म्हणणाऱ्या माणसाला साकी शिकवावी लागत नाही. ताना कुणी घेतल्या नाहीत, कुणाला येतही नव्हत्या, पण त्यामुळे प्रत्येक शब्द मागच्या मोटारसायकलवाल्यापर्यंत पोचला.

देवलांचं हे नाटक १८९९ सालचं. त्यांची बाकीची नाटकं संस्कृत किंवा इंग्रजी साहित्यावर बेतलेली आहेत. ‘शारदा’ तेवढं पूर्णपणे त्यांचं स्वतःचं. पैशाच्या लोभापायी कांचनभट आपली मुलगी शारदा भुजंगनाथ नावाच्या धनाढ्य म्हाताऱ्याला द्यायला निघतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो आणि कोदंड नावाचा तरुण या लग्नाला विरोध करतो. गोष्ट एवढीच. पण कांचनभट बोहल्याचा हिशेब मांडायला लागला तेव्हा माझ्या शेजारची बाई आपल्या जावेला कोपरानं ढोसून म्हणाली, “अशीच बोलणी झाली होती आपल्या इथं.” कुणाच्या घरची, ते मी विचारलं नाही.

शारदेचं काम दहावीतल्या मुलीनं केलं. शंभर वर्षांपूर्वी ही भूमिका पुरुष करायचे, त्यात बालगंधर्वही होते. इथे मात्र शारदेच्याच वयाची मुलगी शारदा झाली होती. तिला आवाज बेताचाच होता. पण मैत्रिणी चेष्टा करताना तिचं हसू जिथे मावळलं, तिथे पुढच्या रांगेतल्या शाळकरी पोरी गप्प झाल्या.

आणि इंदिराकाकू! शारदेची आई. हे काम गावातल्याच एका बचतगटातल्या बाईनं केलं. तिला थोडीच वाक्यं होती, पण ती नवऱ्याकडे बघायची, मग पोरीकडे बघायची आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायची. “बोल ना बाई, काहून गप बसू राहिली!” मागून एक म्हातारी ओरडली. कुणी हसलं नाही. माझ्या मते संपूर्ण प्रयोगातलं सर्वांत मोठं काम त्या बाईचं होतं.

लग्नाच्या प्रवेशाआधी कार्यकर्त्या पोरांनी ताटं फिरवली. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात, कुंकवात रंगवलेल्या. सवयीनं सगळ्यांनी चिमूट चिमूट घेतली. बोहला, मंडप, अंतरपाट सगळं खरं. याच मंडपात पुढच्या पंधरवड्यात खरी लग्नं लागायची होती. मंगलाष्टकं सुरू झाली आणि एवढ्या माणसांत एकाही हातातून दाणा सुटला नाही. पुढे वधूवर सगोत्र असल्याचं उघड होऊन लग्न मोडतं, शारदा नदीवर जीव द्यायला जाते आणि कोदंड तिला वाचवतो. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे. ती नदी त्यांच्या डोळ्यांसमोरची होती. आमच्या बायकांना पूर्णा दिसली असणार.

शेवट गोड होतो. कोदंड शारदेशी लग्न करतो. टाळ्या पडल्या, आणि त्या विरताना तीच मघाची म्हातारी उभी राहून म्हणाली, “म्हातारा गेला न् तरणा आला. पण पोरगी तर तेवढीच हाये ना?”

मला हा प्रश्न शहरातल्या प्रयोगात सुचला नव्हता, कुठल्या समीक्षेतही मी तो वाचला नव्हता. देवलांचा राग जरठ नवऱ्यावर होता आणि त्यांच्या काळात तो राग व्यक्त करायलाही धाडस लागत होतं. पण आज भुजंगनाथाला हसणं सोपं आहे. आमच्याकडे आज म्हातारे नवरदेव येत नाहीत. बावीस-चोवीस वर्षांचे, कामधंद्याला लागलेले चांगले पोरगे येतात. म्हणून कुणाला काही वावगं वाटत नाही. जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते. मग लग्न उरकून घ्यायची घाई होते. गुरुजींनी भुजंगनाथाची दाढी-काठीची गंमत इतकी रंगवायला नको होती, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्या हशात म्हातारीचा प्रश्न दबून जाऊ शकला असता.

पोरीच्या वयाचं म्हणाल, तर १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. हरबिलास सारडांच्या नावानं तो ओळखला जातो. त्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवलं. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, आणि जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. आज वय १८ आहे आणि २००६ चा कायदा सगळीकडे लागू आहे. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांची लग्नं अठरा पुरी व्हायच्या आत झालेली आढळली, आणि जालना जिल्हा या सरासरीच्या बराच वर आहे.

त्या रात्री गुरुजींनी म्हातारीचं बोलणं मध्येच तोडलं नाही, हे फार चांगलं केलं. पडदा उघडाच ठेवून त्यांनी माईक खाली सतरंजीवर दिला. बायका आधी लाजल्या, मग बोलल्या. कुणी स्वतःच्या लग्नाबद्दल, कुणी लेकीच्या. ते मी इथे लिहिणार नाही; ते त्यांचं आहे.

‘शारदा’ करणाऱ्या सगळ्या हौशी मंडळांना माझी विनंती आहे: हे नाटक कार्तिकात करा, गावात करा, पदं कमी केली तरी चालतील, पण इंदिराकाकूचा एकही प्रवेश कापू नका आणि शेवटच्या टाळ्यांनंतर बायकांच्या हाती माईक द्या. गावात ठरलेला बालविवाह थांबवायची जबाबदारी कायद्यानं ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, आहे. १०९८ या क्रमांकावर कुणालाही फुकट फोन करता येतो, आणि फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं.