अंबाडा पेनी

माणसाला एखादा छंद असावा असे सगळेच सांगतात. पण तो किती रुपयांपर्यंत असावा हे कोणीच सांगत नाही. मी बँकेत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे आणि स्वतःचे पैसे घालून आणखी पैसे विकत घ्यायचे, तेही बाजारात न चालणारे, ह्याला आमची ही छंद म्हणत नाही. ती काय म्हणते ते इथे छापण्यासारखे नाही.

त्यातून मी गोळा करतो ती जुनी ब्रिटिश नाणी. "शिवराई गोळा कर, होन गोळा कर. इंग्रजांनी आपलं नेलं ते परत मागायचं सोडून तू त्यांचं आणखी विकत घेतोस!" असे आमचे हेडकॅशियर म्हणतात. मुद्दा बिनतोड आहे. पण छंद काही माणूस टेंडर मागवून निवडत नाही. माझ्याकडे तो देव्हाऱ्यातून आला.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आजोबा आगबोटीवर खलाशी होते. बॉयलरपाशी कोळसा ओढीत ते लंडन-लिव्हरपूलपर्यंत जाऊन आले आणि येताना तीन गोष्टी घेऊन आले : एक लोकरी बनियन, एक कायमचा खोकला आणि एक तांब्याची पेनी. बनियनला कसर लागली, खोकला आजोबांबरोबर गेला, पेनी मात्र आजीने हातात घेऊन उजेडात धरली. एका बाजूला बसलेली बाई, हातात त्रिशूळ, शेजारी ढाल, डोक्यावर टोप. डावीकडे दीपगृह, उजवीकडे गलबत. आजी म्हणाली, "ही दर्यावरची भवानी. हिनंच तुम्हाला सुखरूप आणलं." आणि खंडोबाच्या नि भवानीच्या टाकांशेजारी तिने तिची स्थापना केली.

तेव्हापासून सत्तरएक वर्षे ह्या देवीला आमच्या घरी रोज हळदकुंकू आणि दूधसाखरेचा नैवेद्य मिळतो. सणासुदीला चिंच-मीठ लावून अभ्यंगस्नान. आजीनंतर ते काम आईकडे आले. इंग्रज १९४७ साली देश सोडून गेले. आमच्या देव्हाऱ्यातून त्यांना हलवायचे कोणाला सुचले नाही.

मला ह्याचा पत्ता चाळिशीत लागला. एक निवृत्त गृहस्थ काउंटरवर जुन्या नाण्यांची पुरचुंडी घेऊन आले आणि "हे बँक घेते का?" म्हणून विचारू लागले. बँक घेत नाही. पण पुरचुंडीतून त्रिशूळवाली बाई बाहेर आली आणि मी ओरडलो, "अहो, ही आमची भवानी!" गृहस्थांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. "ही ब्रिटानिया," ते म्हणाले, "आणि मागच्या बाजूला व्हिक्टोरिया राणी. केसांचा अंबाडा घातलाय म्हणून हिला बन पेनी म्हणतात. १८६० ते १८९४." त्या दिवशी माझी कॅश अकरा रुपयांनी कमी भरली. छंदाचा तो पहिला हप्ता.

ह्या नाण्यांत उतरायचे म्हणजे आधी गणित आले. मी बी.कॉम. आहे, पण बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे २४० पेन्सांचा पौंड, दोन शिलिंगांचा फ्लोरिन, अडीच शिलिंगांचा हाफ क्राउन, पेनीचा चौथा हिस्सा फार्दिंग, असा ताळेबंद ज्या लोकांनी शतकानुशतके सांभाळला त्यांनी जगावर राज्य केले ह्यात नवल नाही. हे जमल्यावर बाकी काहीही जमते. अर्थात बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया चालवणाऱ्यांनी दुसऱ्यांना हसू नये. पण आपण १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आणून त्यातून सुटलो. इंग्रजांना तेवढी अक्कल यायला १५ फेब्रुवारी १९७१ उजाडावा लागला. एकदा तरी आपण त्यांच्या चौदा वर्षे पुढे होतो, हे मी हेडकॅशियरना मुद्दाम सांगितले.

आपल्याकडच्या बायका ज्याला गिनी म्हणतात तीही खरी गिनी नव्हे. गिनी एकवीस शिलिंगांची; ती पाडणे दोनशे वर्षांपूर्वीच बंद झाले. १८१७ पासून आली ती वीस शिलिंगांची सॉव्हरिन. बावीस कॅरट, जवळजवळ आठ ग्रॅम. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली, ही सॉव्हरिन चक्क मुंबईच्या टांकसाळीत पडली, एकाच वर्षी सुमारे तेरा लाख. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर बारीक 'आय' अक्षर असेल तर ती मुंबईची. हे मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "मग ती गोळा करा की!" तेव्हापासून मी सोन्याचा विषय काढत नाही.

पण ह्या छंदातला खरा कस लागतो तो प्रतवारीत. नाणे कोणते ह्यापेक्षा ते किती झिजले ह्यावर किंमत ठरते. अंबाडा पेनीचे तर भिंग लावून केस मोजावे लागतात. अंबाड्याची बट न् बट दिसली तर भाव वर, अंबाड्याचा गोळा झाला की भाव खाली. मी असा तासन् तास परक्या बाईचे केस न्याहाळीत बसलेला पाहून आई एकदा हिला म्हणाली, "तुझ्या केसांकडे कधी पाहिलं होतं का गं ह्यानं?" हिने मान हलवली. कोणत्या दिशेने ते मी पाहिले नाही.

इंग्रजांची प्रतवारी त्यांच्या बोलण्यासारखीच आहे. वाईट असे ते कशाला म्हणतच नाहीत. 'फेअर' म्हणजे नाणे आहे एवढे कळते. 'गुड' म्हणजे कोणाचे आहे तेही अंदाजाने कळते. 'फाइन' म्हणजे चांगलेच झिजलेले, पण अजून ओळख पटते असे. त्यावर 'व्हेरी फाइन'. 'एक्स्ट्रीमली फाइन' म्हणजे नाकाच्या शेंड्याला किंचित घास लागलेले. आणि सगळ्यांत वर 'अनसर्क्युलेटेड'. म्हणजे जे बाजारात कधी गेलेच नाही, ज्याने कधी कोणाचा पाव आणला नाही की कोणाचे भाडे भरले नाही, ते सर्वश्रेष्ठ! ज्याने उभा जन्म काम केले त्याची किंमत कमी आणि जे नुसते बसून राहिले त्याची जास्त. बँकेत वीस वर्षे काढल्यामुळे मला ह्याचे आश्चर्य वाटले नाही. आणि "काय, कसं काय?" ह्याला आपण रोज "फाइन" म्हणून किती अचूक उत्तर देतो, हेही तेव्हाच कळले.

खरेदीत मी पुष्कळ शिकलो, म्हणजे पुष्कळ फसलो. १९३३ साली इंग्लंडात पेन्या आधीच्याच इतक्या पडून होत्या की नव्या मोजक्याच पाडल्या. त्यांतल्या काही इमारतींच्या पायात ठेवण्यापुरत्या. पुढे त्यांना असा भाव आला की १९७० साली लीड्समधल्या एका चर्चच्या पायातून चोरांनी पेनी काढून नेली. अशी १९३३ची पेनी मला फूटपाथवर तीनशे रुपयांत मिळाली. रात्रभर झोप नाही. सकाळी भिंगातून पाहिले तेव्हा शेवटच्या तीनच्या आकड्यात मूळचा पाच स्पष्ट दिसत होता. विक्रेत्याची कारागिरी मात्र 'व्हेरी फाइन' होती.

मग मी शहाणा झालो आणि रीतसर लंडनहून, फोटो पाहून, एक पेनी मागवली. १८९१ची, 'एक्स्ट्रीमली फाइन'. अंगावर चॉकलेटी मुलामा. तांब्याच्या नाण्याला वर्षानुवर्षे हवा लागून जी त्वचा चढते ती हीच. सगळी किंमत तिच्यात असते आणि एकदा गेली की पुन्हा येत नाही. कमिशन, टपाल, कस्टम धरून साडेआठ हजार रुपये पडले. घरी मी साडेआठशे सांगितले. एक शून्य इकडेतिकडे बँकेत चालत नाही. घरात चालवून घ्यावे लागते.

त्याच सुमारास एका नाणे प्रदर्शनात तज्ज्ञ येणार होते. मी आईकडे देव्हाऱ्यातली देवी मागितली. "परत आणशील ना?" तिने विचारले. "आणतो गं." तज्ज्ञांनी भिंग लावले आणि लगेच काढले. "पुअर," ते म्हणाले. "साल नाही, डोकं नाही, नुसता त्रिशूळ उरलाय. शिवाय कोणी तरी घासून घासून पार वाट लावलीय. तांब्याचे काय येतील ते." मी पेनी पाकिटात घातली, पाकिटावर 'पुअर' लिहिले आणि बँकेतल्या माझ्या खणात टाकली. उद्या नेऊ, परवा नेऊ करता पंधरा दिवस गेले. खरे सांगायचे तर मला तिची थोडी लाजच वाटत होती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी लाह्या-बत्तासे घेऊन घरी आलो. देव्हाऱ्यात समई तेवत होती आणि टाकांशेजारी, हळदकुंकू लावलेली, नव्या तांब्यासारखी गुलाबी लखलखीत, माझी १८९१ची पेनी बसली होती.

"देवी किती मळली होती रे तुझ्याकडे राहून!" आई म्हणाली. तिच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. "अगदी काळवंडली होती. टेबलावरच्या डबीत कसली ठेवतोस! चिंच-मीठ लावून चांगली अर्धा तास चोळली. आणि काय रे, तिचं नाकबिक पुन्हा आलंय. बोटाला लागतंय. कुठून करून आणलंस?"

माझा आवाज चढला. त्वचा, मुलामा, प्रतवारी, काय काय बोललो ते आठवत नाही. शेवटी "साडेआठ हजारांची होती ती!" हे मात्र आठवते, कारण त्याच क्षणी स्वयंपाकघरात एक पातेले पडले.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "मग माझी कुठाय?"

तिची बँकेत होती. माझ्या खणात, कुलपात, 'पुअर' लिहिलेल्या पाकिटात. आणि बँक पाडव्यानंतर उघडणार होती. ऐन लक्ष्मीपूजनाला घरातली देवी मी बँकेत अडकवून ठेवली होती. आई रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने पूजा केली, आरती केली आणि नैवेद्याच्या वेळी टाकांच्या शेजारी बोटभर जागा मोकळी ठेवून तिथे साखरेचा एक कण ठेवला. मग कळले, गेले पंधरा दिवस ती रोज हेच करीत होती.

बँक उघडल्या दिवशी मी शटर वर जाण्याआधी हजर होतो. हेडकॅशियरना वाटले मला बढती हवी आहे. "काय, दिवाळी कशी झाली?" त्यांनी विचारले. "फाइन," मी म्हटले.

संध्याकाळी पेनी आईच्या तळहातावर ठेवली. तिने चष्मा लावला नाही. पेनी डोळ्यांपाशी नेलीसुद्धा नाही. नुसता अंगठा एकदा तिच्यावरून फिरवला, जिथे लंडनच्या दुकानदारांनी निम्मी आणि आजीने निम्मी व्हिक्टोरिया पुसून टाकली होती तिथे. "हीच," ती म्हणाली आणि उठून देव्हाऱ्याकडे गेली.

मी १८९१ची उचलू लागलो. आता तिची किंमत पाचवा हिस्सासुद्धा येणार नाही, पण आल्बममध्ये 'साफ केलेले' अशी चिठ्ठी लावून ठेवता आली असती.

"राहू दे रे तिलाही," आई म्हणाली. "एवढ्या लांबून आलीय बिचारी."

म्हणून ती राहिली. आता दोघी शेजारी शेजारी बसतात. सणासुदीला दोघींना चिंच-मीठ लागते. ह्या हिशेबाने आणखी साठ-सत्तर वर्षांत तीही व्यवस्थित 'पुअर' होईल. उरलेले सात हजार सहाशे पन्नास कधी सांगणार होतात, एवढेच ही अधूनमधून विचारते.