भिंतीतली वहिवाट

ओलीशी माझा परिचय जन्मापासूनचा आहे, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही. कारण राजापूर तालुक्यातील ज्या चिरेबंदी कौलारू घरात माझे बालपण गेले, त्या घरात आषाढापासून भाद्रपदापर्यंत खरोखर कोरडी म्हणावी अशी वस्तू चुलीभोवती रचलेल्या लाकडांखेरीज दुसरी नसे. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून निघताना तो तासता येण्याइतका मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होतो, परंतु त्याच्या अंगची सच्छिद्रता काही जात नाही. आणि ज्या मुलखात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्या मुलखात असा दगड पाणी पिणारच. हे आमच्या वाडवडिलांना पुरते ठाऊक असल्यामुळे पाण्याला समूळ मज्जाव करण्याचा हट्ट त्यांनी कधी धरला नाही; त्याच्या येण्याजाण्याचा बंदोबस्त मात्र त्यांनी चोख ठेवला होता. उंच जोते, भिंतीच्या बरीच पुढे आलेली वळचण, नैऋत्येची झड अडविण्यासाठी मृगापूर्वीच पडवीला बांधलेले झावळ्यांचे झाप, आणि वैशाखात कौले उतरवून, फुटकी निवडून, पुन्हा चढविण्याचा दरसालचा शिरस्ता, ही त्या बंदोबस्ताची मुख्य कलमे होत. त्यांत चुलीचा धूर मी मुद्दाम धरतो. त्या धुराने आजीचे डोळे जन्मभर लाल ठेवले, हे विसरून त्याचे गोडवे गाणे मला जमणार नाही. परंतु वासे कोरडे ठेवण्याचे आणि त्यांना कीड न लागू देण्याचे काम तोच करीत असे, ही गोष्टही तितकीच खरी.

एवढे करूनही बुरशी यायची ती येतच असे. आजोबांच्या वहाणांवर, तबल्याच्या वादीवर, पोथ्यांच्या पुठ्ठ्यांवर तिची पांढुरकी लव दिसू लागे. जमिनीचे खरेदीखत आणि जुन्या दाव्यांचे कागद ज्या पेटीत असत, तिच्यात वेखंडाचे तुकडे घातलेले असत. आणि दसऱ्याच्या सुमारास ऊन पडले की ते सारे दप्तर अंगणात पसरून त्याला ऊन दाखविण्याचा सोहळा होई. मग दिवाळीपूर्वी भिंतींना सफेती. शिंपले भाजून केलेला चुना पिंपात विरवीत, त्यात थोडे मोरचूद घालीत. ताज्या चुन्याची दाहकता बुरशीला रुजू देत नाही. हवेतील कर्बवायू शोषून तो पुन्हा चुनखडीचे रूप घेतो, आणि असा थर भिंतीतील दमटपणा वाफेच्या रूपाने बाहेर जाऊ देतो, हे शास्त्र मला पुष्कळ वर्षांनी कळले. गड्याला ते पुस्तकाविना अवगत होते.

नोकरीनिमित्त मुंबईस आल्यावर गिरगावातील चाळीत जी ओल भेटली, तिचे मूळ आकाशात नसून सरकारी कायद्यात होते. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० रोजी जी होती त्या पातळीशी बांधून टाकली. भाडेकरूस बेदखल होण्याच्या धास्तीतून सोडविणारा तो कायदा होता, आणि त्याच्या छत्राखाली मीही राहिलो, तेव्हा त्याची निंदा मला शोभणार नाही. पण त्यामुळे मालकाचा दुरुस्तीतला रस तेवढा आटला, भिंती काही आटल्या नाहीत. सामायिक मोरीच्या नळाला जेथे फट होती, तेथे पाखरांच्या विष्ठेतून पडलेल्या बीजाचा पिंपळ उगवला. त्याची मुळे फट रुंदावीत गेली, फटीतून अधिक पाणी मुरत गेले, आणि पिंपळ तोडण्याचे पाप कोणी माथी घ्यावे याचा निर्णय तीन मजल्यांत मिळून होईना. १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्तीचे मंडळ आले, त्यासाठी उपकर बसला, अर्ज गेले, पाहणी झाली. तोवर पिंपळ सावली देऊ लागला होता.

पुण्यास सदनिका घेतली तेव्हा या वहिवाटीतून आपण मोकळे झालो, अशी माझी समजूत झाली. कोकणाच्या मानाने येथे पाऊस चतुर्थांशच. परंतु काँक्रीटच्या घरात पाणी आकाशातूनच यावे असा नियम नाही. वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून ते आले. कपाटामागच्या भिंतीवर प्रथम काळे ठिपके, मग कुबट वास, मग पत्नीचा दमा. संस्थेने रंगारी धाडला. त्याने भिंत खरवडली, पुट्टी भरली, वर गुळगुळीत तैलरंग दिला. पावसाळा सरण्याच्या आत तो रंग पुरीसारखा फुगला, कारण आतले पाणी आतच होते आणि बाहेर पडण्याची त्याची वाट आम्हीच बुजविली होती. अखेर एक वृद्ध गवंडी आले. त्यांनी हातोडीने गिलावा वाजवून पोकळ जागा हेरल्या, वरच्या न्हाणीत रंगीत पाणी ओतविले, आणि आमच्या भिंतीवर तो रंग उमटल्यावर एवढेच म्हणाले, “साहेब, बुरशीशी भांडून काय उपयोग? तिला पाणी पाजणारा वर बसलाय.”

हे त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. बुरशीची बीजे हवेत सदासर्वदा असतात. त्यांना घरातून हाकलणे कोणासही शक्य नाही, आणि त्यांच्याच भाऊबंदांपासून पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन निघत असे, तेव्हा त्या कुळाचा सरसकट द्वेष करणेही कृतघ्नपणाचे. ओल मिळाली तरच ती रुजतात. म्हणून आधी वरच्या न्हाणीतला सांधा दुरुस्त झाला. मग गवंड्यांनी आमचा गिलावा विटांपर्यंत काढला आणि संपूर्ण हिवाळा ती भिंत उघडी ठेवली. पाहुण्यांना ती दृष्टीस पडे, आणि पत्नी संकोचत असे. पण तिचा खोकला त्याच हिवाळ्यात कमी झाला.

ज्या वाचकांच्या भिंतीवर आज असे डाग असतील, त्यांना माझे सांगणे इतकेच, की कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, काळी बुरशी कोरड्या झाडूने झटकू नका, ती ओल्या फडक्याने नाकावर रुमाल बांधून पुसा, पाणी कोठून येते याची रुजुवात गवंड्याकडून वा नळवाल्याकडून आधी करून घ्या, भिंत वाळू द्या, आणि रंगाऱ्याला सर्वांच्या शेवटी बोलवा.