फाटलेल्या जागेचे वाचन

उज्जैनमधील आपल्या जुन्या घरांतून मोडीचे कागद अजूनही निघतात. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, त्यानंतरही दीर्घकाळ मराठी व्यवहाराची हीच लिपी होती. ती वाचणारी माणसे मात्र आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

माझ्या पुतण्याची मुलगी इतिहासात एम.ए. करते आहे. प्रकल्पासाठी तिने घरातल्या एका जीर्ण पत्राचे छायाचित्र मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेला दिले आणि क्षणार्धात हाती आलेले देवनागरी लिप्यंतर मला वाचून दाखवले. भाषा इतकी सफाईदार, की एखाद्या दरबारी चिटणिसाची वाटावी. मी मूळ कागद मागितला. तिसऱ्या ओळीचा मधला भाग कसरीने खाल्लेला. यंत्राने तिथे तीनशे रुपये आणि एका गोसाव्याचे नाव घातले होते!

"आजोबा, मग हे आले कुठून?"

प्रश्न रास्त होता. असे यंत्र आधीच्या शब्दांपुढे कोणता शब्द शोभेल याचा अदमास बांधते, आणि मोडी ही तर अदमासाला वाव देणारीच लिपी. शब्द सुटे नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घ नाही. 'सुत' म्हणजे मुलगा की धागा, हे संदर्भानेच ठरवायचे. जुने जाणकारही अदमास बांधीत. पण जिथे कागदच नाही तिथे ते टिंबे देत.

यंत्राला झिडकारावे असे मला वाटत नाही. रुडकीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी पुण्यातील सहकाऱ्यांसह मोडीच्या २०४३ प्रतिमा व त्यांची लिप्यंतरे यांचा संच २०२५ मध्ये पुढे आणला. दप्तरांतील रुमाल न वाचता पडून असताना हे काम मोलाचेच आहे. मात्र यंत्राचे वाचन तपासायला मोडी जाणणारे माणूसच लागते. विद्यार्थ्याला मोडी येत नाही, परीक्षकालाही येत नाही, अशी स्थिती आली तर ते तीनशे रुपये प्रबंधात शिरतील, तिथून दुसऱ्याच्या तळटीपेत, आणि मग त्यांना हलवणार कोण? यंत्र खुशाल वापरू द्यावे. पण तोंडी परीक्षेत मूळ कागद पुढे ठेवून चार ओळी वाचून घ्याव्यात.

नातीने आता मोडीची बाराखडी गिरवायला घेतली आहे. आठ दिवसांत दोन ओळी लागल्या. तिसरीत सात टिंबे आहेत. पत्र कोणाला लिहिले आहे, ते अजून कळलेले नाही.