न जुळलेली बाटली

ताईचे डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा घरात सर्वांनी एकमताने ‘कावीळ’ म्हणून टाकले. आजीने शेजारच्या गावाहून काविळीची माळ आणली. डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली, असा हिशेब! माळ उतरली, ताई मात्र अंथरुणातून उठेना. मी तर तिला ‘कामचुकार’ म्हणालो होतो. ते आठवले की अजून जीभ चावावीशी वाटते.

रुग्णालयात हिमोग्लोबिन निघाले ५. यकृत ठणठणीत होते. तिचे स्वतःचेच शरीर तिच्या तांबड्या पेशींवर उलटले होते आणि फुटलेल्या पेशींतला पिवळेपणा डोळ्यांत उतरला होता. रोगाचे नाव ल्युपस. लॅटिनमध्ये याचा अर्थ लांडगा. चेहरा खाऊन टाकणाऱ्या व्रणांवरून जुन्या काळी पडलेले हे नाव. ताईच्या गालावर तर साधा डागही नव्हता.

रक्त द्यायला मीच पुढे झालो. दोघांचाही गट बी पॉझिटिव्ह. नमुना देऊन मोठ्या ऐटीत बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने रक्तपेढीतल्या बाई बाहेर आल्या.

“जुळत नाही.”

“अहो, सख्खा भाऊ आहे मी!”

“कुणाचेच जुळत नाही. तिची प्रतिपिंडे दिसेल त्या पेशीला चिकटताहेत. तिच्या स्वतःच्यासुद्धा.”

हे ओळखण्याची चाचणी 1945 साली कूम्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, हे मी पुढे वाचले. त्या वेळी फक्त एवढेच कळले, की माझ्या सख्खेपणाचा काही उपयोग नाही. शेवटी त्यातल्या त्यात कमी विरोध करणारी एक बाटली शोधून थेंब थेंब चढवली. डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसून राहिले. खरे काम स्टेरॉईडने केले. त्याने ताईचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला. आरशावर तिने टॉवेल टाकला.

रक्त सावरले आणि वर्षभराने श्वास लागू लागला. ताई गाणारी. स्नेहसंमेलनात तिची तान संपेपर्यंत आम्ही श्वास रोखायचो. आता तिला जिना चढवेना. “मनाचे आहे हो,” असे नातेवाईक म्हणाले. (असे म्हणायला काही लागत नाही.) एक्स-रेत फुप्फुसे स्वच्छ होती, पण लहान! खालचे श्वासपटल वर सरकले होते. 1965 साली हॉफब्रँड आणि बेक यांनी अशा रुग्णांविषयी लिहून या दुखण्याला ‘आकसणारी फुप्फुसे’ म्हटले. ल्युपसमध्येही ते क्वचितच होते, आणि कशाने होते यावर डॉक्टरांचे अजून एकमत नाही.

औषधे पुन्हा वाढवली. श्वासाचे व्यायाम सुरू झाले. पण ताईला व्यायाम म्हणजे शिक्षा. म्हणून ती तंबोरा घेऊन षड्ज लावते आणि मी घड्याळ धरून बसतो. पहिल्या दिवशी चार सेकंद. परवा अकरा झाले.

“तुझं घड्याळ पुढे आहे,” ती म्हणाली, आणि पुन्हा तंबोरा जुळवू लागली.